दोनदा अकरा एप्रिल

म्हाताऱ्या माणसांच्या त्या घरात, जेवणाच्या खोलीत, एक हिरवा फळा होता, आणि त्या फळ्यावर ज्याचं राज्य चालायचं त्याला सगळे तारीखमामा म्हणायचे. वय अठ्ठावन्न, डोक्यावर केस मोजून घ्यावेत इतके, आणि जिभेला हाड नाही. पूर्वी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मग मशीनवर छापलेल्या पाट्या आल्या, ब्रश वाळले, आणि तो या घरात किरकोळ कामाला लागला. नळ गळला, बोलवा मामाला. दिवा गेला, बोलवा मामाला. पलंग करकरतोय, मामाला नका बोलवू, तो वर बसून उड्या मारेल आणि म्हणेल, "आता आम्ही दोघं करकरतोय."

पण त्याचं खरं काम सकाळी सात वाजता. वर मोठ्या अक्षरात तारीख, खाली दिनविशेष. घराच्या मुख्य सिस्टरनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हे शोभेचं नाही हं. इथल्या निम्म्या लोकांची डोकी गळक्या बादलीसारखी झालीत. सकाळी फळा वाचला की आज कोणता दिवस ते निदान दुपारपर्यंत टिकतं."

मामाकडे एक जाडजूड वही होती. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक पान, लीप वर्षाचं धरून तीनशे सहासष्ट. जुन्या पेपरांतून, रद्दीतल्या पुस्तकांतून जे सापडेल ते त्या त्या पानावर चिकटवायचं. मग रोज तीन गोष्टी निवडायच्या. एक मोठी, एक मधली, एक गमतीची. दहा एप्रिलला टायटॅनिक बंदरातून निघाली, त्याच तारखेला कुणा एकानं सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं. मामा दोन्ही शेजारी लिहायचा आणि म्हणायचा, "बघा, बुडालं कोण आणि टिकलं कोण."

एकदा त्यानं लिहिलं, 'आजच्या दिवशी जगातला पहिला चमचा हरवला.' सगळे नाश्ता सोडून टेबलाखाली बघायला लागले. वरच्या मजल्यावरच्या बाई, इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, काठी आपटत खाली आल्या. "पुस आधी तो चमचा! लोक फळ्यावर विश्वास ठेवतात." तेव्हापासून फळा बाई तपासायच्या आणि मामा निमूट खडू बाजूला ठेवायचा. निमूट म्हणजे त्याच्या मानानं निमूट.

त्या बाईंच्याच खोलीत, दुसऱ्या पलंगावर, मामाची ताई राहायची.

ताई त्याच्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्याला ताईनंच कडेवर वाढवलं. आता तीच सरकत सरकत लहान होत चालली होती. त्याला ओळखायची, "धाकट्या" म्हणायची, पण आपलं लग्न झालं होतं का ते तिला सांगता येत नसे. आणि आपल्याला एक मुलगा होता हे तर तिच्या तोंडून मामानं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

मुलगा बारा वर्षांपूर्वी गेला. एकतीस वर्षांचा होता. बारा एप्रिलला.

मामा-भाच्याची जोडी म्हणजे एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. भाच्यानं एकदा फोन केला, "मामा, घराला आग लागलीय," आणि मामा टॉवेलवर दोन गल्ल्या पळत गेला. तिथं भाचा दारात खुर्ची टाकून चहा पीत बसलेला. पुढच्या महिन्यात मामानं त्याच्या साहेबाच्या आवाजात फोन करून त्याला सुट्टीच्या दिवशी कामावर पाठवलं. असं सारखं चालायचं. त्या बारा तारखेला मामा शिडीवर होता, पाटीची शेवटची दोन अक्षरं राहिली होती. फोन वाजला. भाचा म्हणाला, "मामा, छातीत कळ येतेय रे. येतोस का?"

मामा म्हणाला, "माझ्याही येते. आज आरशात बघितलं तेव्हापासून," आणि हसत फोन ठेवून दिला.

दोन अक्षरं पुरी केली. ब्रश धुतला. दीड तासानं खारे दाणे घेऊन गेला, म्हटलं बघू आज काय नाटक आहे. भाचा टेबलाशी बसलेला होता, डोकं हातावर. मामानं त्याच्या कानात दाणा घातला. मग त्याच्या लक्षात आलं.

ताईला त्यानंच सांगितलं. फोनचं तेवढं सोडून.

तर या घरात कामाला लागल्यापासून मामा दरवर्षी बारा एप्रिलला रजा काढायचा. खुशाल कुठंतरी बसनं जायचा, शेवटच्या स्टॉपवर उतरायचा, परत यायचा. फळा त्या दिवशी फाटकावरचा वॉचमन लिहायचा, मामानं काढून दिलेल्या चिठ्ठीवरून. गेल्या वर्षी रजेवरून आला तर झाडूवाली म्हणाली, "मामा, तुमच्या ताई काल दिवसभर रडत होत्या हो. वर बाईंजवळ बसून. अगदी बघवेना."

मामा मनात जुळवायला लागला. म्हणजे इतर सगळं पुसलं गेलं, आणि नेमकं हेच शिल्लक? तारीख दिसते, आणि बिचारीला दरवर्षी मुलगा नव्यानं मरतो? त्यानं तेव्हाच मनात धरलं, पुढच्या वर्षी हे होऊ द्यायचं नाही.

यंदा वॉचमन नोकरी सोडून गेलेला. सिस्टर म्हणाल्या, "रजा नाही मिळणार." मामा म्हणाला, "नको मला रजा." आणि त्याच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली. आयुष्यभर फालतू थापा मारल्या, आता एक कामाची मारू. बारा तारीख आणायचीच नाही. ताईपुरती का होईना, वर्षातून एक दिवस कमी.

योगही जुळून आला. बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, अकराला गेल्या, तेराला परत येणार. तपासायला कुणी नाही. सिस्टरही नेमक्या बाराला दिवसभर औषधांच्या खरेदीला बाहेर.

बारा एप्रिलला सकाळी सहालाच मामा कामाला लागला. पेपरांचा गठ्ठा धुण्याच्या टोपलीत, चादरींखाली. टीव्हीच्या रिमोटमधले सेल खिशात. भिंतीवरचं कॅलेंडर "खिळा सैल झालाय" म्हणून उतरवून जिन्याखाली. मग फळ्यावर त्यानं ठसठशीत लिहिलं, '११ एप्रिल'. काल फळ्यावर अपोलो-१३ चंद्राकडे उडालं होतं, तेच परत कसं लिहायचं? त्यानं पान उलटून नेपोलियन काढला. अठराशे चौदा साली याच दिवशी नेपोलियननं गादी सोडली. लिहून टाकलं.

नाश्त्याला पहिले आले ड्रायव्हर आजोबा. चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस, वेळापत्रक रक्तात. फळ्यासमोर उभे राहिले, चष्मा वर केला, खाली केला.

"मामा, काल पण अकराच होती."

"काल रिहर्सल होती, आजोबा."

"मला येडा समजतोस?"

"छे हो. येड्याला मी एवढं समजावत बसतो का?" मग मामा त्यांच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "ताईसाठी आहे. आजचा दिवस ढकलू द्या."

आजोबांनी ताईच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. "बरं," म्हणाले, आणि अंड्याचं टरफल सोलायला लागले. थोड्या वेळानं त्यांचं त्यांनाच सुचलं, "पण मला उद्याचा दिवस दोनदा नको देऊस. उद्या दुधी भोपळा आहे."

ताई आली तेव्हा सगळ्यांचा चहा झाला होता. केस पाणी लावून चापूनचोपून विंचरलेले. अंगात निळा पोशाख, कपाटात घडी घालून ठेवलेला, चांगल्या दिवसाचा. मामाला वाटलं झाडूवालीनं घालून दिला असेल. ती सरळ फळ्यापाशी गेली आणि बोट लावून आकडे वाचले.

"अकरा?"

"अकरा."

"काल किती होती रे?"

"दहा," मामा म्हणाला. पापणीसुद्धा हलली नाही त्याची. या कामात तो बाप होता.

ताई खुर्ची ओढून फळ्यासमोर बसली. दुपारी जेवली नाही, भूक नाही म्हणाली. तिथंच बसून राहिली, हात मांडीवर, पाहुणे यायचे असल्यासारखी. मामा येता-जाता बघायचा. डोळे कोरडे. एक टिपूस नाही. त्याला इतका आनंद झाला की त्यानं स्वयंपाकघरातल्या आचाऱ्याच्या टोपीत कांदा लपवला, उगाच.

संध्याकाळी तिला वर नेताना ताईनं जिन्यात विचारलं, "उद्या बारा ना, धाकट्या?"

"उद्याचं उद्या बघू."

"हो," ती म्हणाली. "उद्या असेल."

दुसऱ्या दिवशी मामानं तेरा लिहिली. रोजच्यासारखी, खरी. खाली पहिलीच ओळ, अपोलो-१३ च्या ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट, यान अर्ध्यातून परत फिरलं. ड्रायव्हर आजोबा वाचून म्हणाले, "अकराला उडालं, तेराला फुटलं. मग बाराला कुठं होतं?"

"वाटेत," मामा म्हणाला, आणि दोघं हसले.

हसणं संपायच्या आत ताई दारात होती. तेच चापून विंचरलेले केस, तोच निळा पोशाख. फळ्याजवळ आली. बोट आकड्यावर ठेवलं, उचललं, परत ठेवलं.

"तेरा आहे ही."

"हो ताई."

"आणि बारा?"

"झाली की. काल."

"काल अकरा होती." तिचा आवाज हलला. "मी बघितली ना. मी इथंच बसले होते. अकरा होती."

आता काय करायचं? दोन तारखांच्या मधे सापडलेला चोर जे तोंडाला येईल ते बोलतो. मामा म्हणाला, "विसरली असशील, ताई."

तोंडातून गेलं आणि त्याला कळलं की हे नको होतं. या घरात कुणी कुणाला काहीही म्हणायचं, थेरडे, भोपळ्या, बहिऱ्या, पण हा एक शब्द कुणी कुणाला म्हणत नसे.

ताईनं मान हलवली. भांडली नाही. "असेल," म्हणाली. "मी विसरते." आणि कठड्याला धरून एकेक पायरी वर गेली.

बाई दुपारी परत आल्या, एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा. मामानं त्यांची पिशवी उचलली आणि म्हणाला, "चाच्यांची राणी आली, जहाज कुठं लावलंत?" बाई हसल्या नाहीत. खोलीत जाऊन पाच मिनिटांत त्यांनी त्याला वर बोलावलं. व्हरांड्यात उभं केलं, दार लोटून घेतलं.

"काल तिचं कुणी ऐकलं?"

"काय ऐकायचं?"

"अरे, बारा तारखेचं. मी सिस्टरना सांगून गेले होते, तिच्याजवळ कुणीतरी बसा. आणि आत जाऊन बघते तर ती भिंतीकडे तोंड करून पडलीय. नीट सांग, काल काय झालं?"

मामानं सांगितलं. आधी जरा ऐटीत, पेपर कुठं लपवले वगैरे. मग बाईंचा उघडा डोळा बघून ऐट गेली, आणि शेवटचं 'विसरली असशील' त्यानं खाली बघत सांगितलं.

बाई कठड्याला टेकल्या.

"तुला माहीत नाही, होय ना? तू कधी इथं नसतोसच त्या दिवशी. ऐक. वर्षभर तिला तो आठवत नाही. नाव नाही, तोंड नाही. मी मुद्दाम विचारून बघितलंय. पण फळ्यावर बारा एप्रिल दिसली की काहीतरी होतं. का, ते मला विचारू नकोस. नाश्ता झाला की ती वर येते, माझ्यासमोर बसते आणि सुरू करते. तो जन्मला तेव्हा बाहेर कसला आवाज येत होता तिथपासून. पहिला दात. शाळेत मार खाल्ला तो. कुठल्या शर्टाचं बटण त्यानं गिळलं ते. दिवसभर. संध्याकाळपर्यंत ती त्याला पुरा एकतीस वर्षांचा करते."

"पण रडते ना," मामा म्हणाला. "झाडूवाली म्हणाली..."

"रडते. शेवटाला येते तेव्हा रडणारच की. आणि हसते ते नाही सांगितलं तिनं? तू टॉवेलवर पळत आलास ते सांगताना तिला ठसका लागतो. मला पाणी द्यावं लागतं दरवेळी." बाईंनी चष्म्याखालून पट्टी दाबली. "एप्रिल महिना लागला की ती तारखा धरून असते रे. कशाची वाट बघतेय ते तिला कळत नसतं, पण बघत असते. एक दिवस होता तिच्याकडे."

मामा जिना उतरला तो दोन-दोन पायऱ्या. जेवणाच्या खोलीत चहाची वेळ होत आली होती. त्यानं डस्टर घेतलं आणि तेरा तारीख पुसली, अपोलो पुसलं, सगळं पुसलं. आणि आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर अक्षरात लिहिलं, '१२ एप्रिल'. खाली वहीतलं ते पान, जे त्यानं स्वतः कधीच लिहिलं नव्हतं, नेहमी चिठ्ठीवर काढून दिलं होतं. एकोणीसशे पंचावन्न, पोलिओची लस सुरक्षित असल्याचं जाहीर झालं. एकोणीसशे एकसष्ट, माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला. एकोणीसशे एक्याऐंशी, पहिलं अंतराळ-शटल उडालं. ड्रायव्हर आजोबा काहीतरी बोलणार होते, पण मामाचं तोंड बघून त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

तो ताईला हात धरून घेऊन आला. "बघ ताई, काय तारीख आहे."

ताईनं वाचलं. खालच्या तिन्ही ओळी वाचल्या, ओठ हलवत. मामा तिच्या तोंडाकडे बघत होता. शिडीवर उभं राहून ओल्या रंगाकडे बघावं तसा, श्वास न घेता.

"बारा," ताई म्हणाली.

"हो."

"सकाळी तेरा होती."

मामानं खडूचे हात विजारीला पुसले.

"तू चेष्टा करतोयस, होय ना?" ती रागावली नव्हती. थकलेली होती फक्त. "कर बाबा, काय करायची ती कर. पण फळ्याची नको रे करूस. आम्हाला दुसरं काय आहे?"

तिनं फळ्याकडे पाठ केली आणि खुर्चीत बसली. पोशाखाची एक बाही वर गेली होती, ती खाली ओढली.

मामानं दुसरी खुर्ची घेतली. समोर बसला, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल असा. आणि त्यानं सुरू केलं, "ताई, एक पोरगा होता. माझ्या ओळखीचा. भारी वात्रट." त्याला जन्मापासूनचं माहीत नव्हतं, ते ताईकडे होतं. त्यानं आपल्याकडचं सांगितलं. आग लागल्याचा फोन, टॉवेल, दारातली खुर्ची. ताई ऐकत होती. टॉवेलला ती हसली, पण एखाद्या परक्या माणसाच्या गोष्टीला हसावं तशी, तोंडावर हात ठेवून. ठसका नाही लागला. मामानं प्रत्येक गोष्टीनंतर थांबून बघितलं. कुठंतरी एखादं दार उघडेल. त्याच्या शर्टाचा रंग सांगितला. कपाळावरची खोक सांगितली. ताईनं "अगंबाई" म्हटलं.

मग पुढं दुसरं काही उरलं नाही तेव्हा त्यानं तो फोन सांगितला. पहिल्यांदाच, कुणालाही. शिडी, राहिलेली दोन अक्षरं, छातीतली कळ. आपण काय उत्तर दिलं ते शब्दासकट. दाणे. कान.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरेरे. एवढा तरणा."

"एकतीस."

"आणि तू नाही गेलास?"

"गेलो. उशिरा."

"आई होती त्याला?"

"होती."

"तिला हे फोनचं सांगितलंस?"

मामानं मान हलवली. नाही.

ताईनं त्याचा हात घेतला. त्याच्या नखांत खडू होता, तो ती अंगठ्यानं काढायला लागली, लहानपणी माती काढायची तशी.

"सांग तिला," ती म्हणाली. "रागावेल. रागावू दे. पण तिला वाटत असेल ना, लेकरू एकटंच गेलं, कुणाला हाकसुद्धा मारली नाही. तुला मारली होती. हे आईला कळायला पाहिजे, धाकट्या. तू जाऊन सांग."

"सांगतो."

"कधी?"

पुढची बारा एप्रिल तीनशे चौसष्ट दिवसांवर होती, आणि ताई चौऱ्याहत्तरची. मामा तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला, भर चहाच्या वेळेला, सगळ्यांच्या देखत. आचारी किटली घेऊन दारातच थांबला. ड्रायव्हर आजोबांनी आपली खुर्ची वळवून घेतली.

ताईनं त्याला थोपटलं. तो जरा शांत झाल्यावर म्हणाली, "ऊठ आता. आणि आधी ती तारीख नीट कर. माणसं चुकतात त्यानं."

मामा उठला. त्यानं डस्टर घेतलं आणि बारा एप्रिल पुसली, आधी आकडा, मग महिना, मग खालच्या तिन्ही ओळी. तेरा लिहिली. अक्षर वाकडं आलं. ताई मागे उभी राहून बघत होती, आणि तिनं बोट लावून आकडे वाचले.

"हां," ती म्हणाली. "तेरा. आता बरोबर आहे."